चुलीवर ठेवायची नव्हती ती बाटली

दत्ता, मी घाबरले आहे. थोरल्या बहिणीनं धाकट्या भावाला असं सांगायचं नसतं, आणि तो गेल्यावर तर मुळीच नाही. पण तू होतास तेव्हा मी कधी भ्याले तर तुलाच सांगायचे. तू हसायचास आणि म्हणायचास, "आक्के, तू भ्यालीस म्हंजी गावात वाघच आला म्हणायचा." ती सवय इतक्यात कशी जाईल? तुझी सायकल अजून सांगवीला आईच्या ओसरीत भिंतीला टेकून उभी आहे. तिच्यावर कुणी बसत नाही आणि ती कुणाला द्यावी असंही कुणी म्हणत नाही.

भीती कशाची ते आधी सांगते, नाहीतर तू तर्क लढवत बसशील. आपल्या सुमीला तुझंच दुखणं झालं आहे. पोरगी तांब्यावर तांब्या पाणी प्यायला लागली. खाते चांगली, पण अंगाला काही लागेना, परकर कमरेवर ठरेना. मला वाटलं उन्हाळा आहे, होतं असं. मग एका सकाळी परसात ती लघवीला बसली होती तिथं मुंग्या लागलेल्या बघितल्या. त्या बघितल्यावर मला कुणी काही सांगायची गरज राहिली नाही. इंदापूरच्या डॉक्टरांनी नळीत तिच्या लघवीवर निळं औषध घालून तापवलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते विटेच्या रंगाचं झालं. त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे?" मी म्हटलं, मामाला. "मग मामांना सगळं ठाऊक असेल, त्यांनाच विचारून घ्या." तुझे दाजी खाली बघत उभे राहिले आणि मी मान डोलावली. तू गेलास हे डॉक्टरांना काय सांगणार?

आता तिला रोज सुई आहे. मी टोचायला शिकले. पहिल्या दिवशी मी सुई धरून इतकी अडून बसले की सुमीच म्हणाली, "आई, तू डोळं मिट, म्हंजी तुला दुखायचं न्हाय." तुझी भाची शोभते खरी.

आणि उद्या आई येते आहे, सांगवीहून, दुपारच्या यष्टीनं. नातीचं दुखणं कानावर गेल्यावर ती तिथं थोडीच थांबणार? तिनं निरोप धाडला आहे: "पोरीचं समदं मी करीन. दत्ताचं केलं, तिचं बी करीन." भीती आहे ती ह्याची. कारण तुझं तिनं काय केलं ते मला ठाऊक आहे. एकट्या मलाच. तिला स्वतःला ठाऊक नाही.

तिनं तुझी इन्शुलिनची बाटली उकळली, दत्ता. तुझ्या शेवटच्या तापात, रोज, सुईच्या आणि तिच्या काचेच्या नळीच्या बरोबरीनं, पातेल्यात घालून.

उद्या ती इथल्या चुलीपाशी बसेल आणि सुमीचीही उकळेल. मला तिला अडवायचं आहे. पण का अडवते ते सांगितलं तर तिला कळेल की तिचा मुलगा कशानं गेला. आणि न सांगता अडवलं तर ती ऐकणार नाही. आपल्या आईला तू ओळखतोस.

ह्यात डोकं चालवायला तू हवा होतास. तू नाहीस, म्हणून तुझंच शिकवलेलं आठवत बसले आहे. तू बारामतीच्या शाळेत पोरांना शिकवायचास ते सगळं शनिवारी सायकल मारत येऊन मला शिकवायचास. मी आपली सातवीची फायनल पास. मला म्हणायचास, तुझ्याइतकं उलट बोलणारं पोर माझ्या वर्गात एक नाही. उलट बोलायचे म्हणून तर शिकले.

आठवतं का, गोठ्यात बसून तू अंडं फोडलं होतंस? घरात आणायची सोय नव्हती, कारण आई त्या वेळी इथंच राहायला होती आणि ती माळकरी. एक अंडं वाटीत, एक कढत पाण्यात. वाटीतलं पाण्यासारखं आरपार, आणि दुसरं बघता बघता पांढरं झालं. तू म्हणालास, "आता ह्ये परत पातळ करून दाव." मी म्हटलं, मास्तर तू आहेस, तूच दाखव. "न्हाय जमायचं. साखर पाण्यात इरघळली तर पाणी आटवून परत घेता येती. ह्ये येत न्हाय. ह्यात काय मोडलं ते सांग." मला काय सांगता येणार? मग तू खुंटीवरून तुझ्या दाजींचा बांधलेला फेटा काढलास. त्यांना इथं अंथुर्ण्यातच एका लग्नाला जायचं होतं, ते ओसरीवर खोळंबलेले. तू फेट्याचं टोक धरलंस आणि ओढलंस. सगळं कापड शेणाच्या जमिनीवर. "कापड तेवढंच हाय का न्हाय? सूतभर कमी न्हाय. पर आता डोक्यावं बसंल का?" अंड्यातलं प्रथिन म्हणजे असंच, म्हणालास. एक लांब साखळी, तिला आपले पीळ, आपल्या घड्या. तिचं सगळं काम त्या घड्यांत. आच लागली की घड्या सुटतात. साखळी तिथंच असते, काम गेलेलं असतं. दाजी त्या दिवशी टोपी घालून लग्नाला गेले आणि आठवडाभर तुझ्याशी बोलले नाहीत.

खरं सांगते, मला त्याचं वेड लागलं होतं. भाकरी थापतानाही मी तेच बघायचे. केस प्रथिन, नख प्रथिन, बैलाचं शिंगही तेच, लुगड्याच्या काठातलं रेशीम तेच, विरजण लागून जे घट्ट होतं तेही तेच. रक्तातला लाल रंग छातीतली हवा उचलून पायाच्या बोटापर्यंत नेतो, तोही प्रथिन. पोटात डाळ फोडणारे रसही. मी म्हटलं, एकच गोष्ट इतकी कामं कशी करते? तू म्हणालास, एकच नाही, मणी तेच वीसएक जातींचे, पण ओवायची रीत वेगळी. डाळ खाल्ली म्हणून अंगावर डाळ उगवत नाही. पोट तिचे मणी सुटे करतं आणि अंग त्याच मण्यांतून आपल्याला हवं ते ओवून घेतं. कुणाची पापणी होते, कुणाचं काळीज.

तिथंच मी तुला अडवलं होतं. मग इन्शुलिनही प्रथिनच ना? दुधातून पी की, रोज भोकं कशाला पाडून घेतोस? तू गडगडाट करून हसलास. "आक्के, अगं पोटाला काय कळतंय, ही डाळ हाय का दत्ताचं औषध? त्ये त्याचं बी मणी सुटं करील." इन्शुलिन म्हणजे सांगावा आहे म्हणालास. रक्तात साखर दारोदार हिंडते आणि दार उघडायचा सांगावाच पोचत नाही, म्हणून अंग उपाशी राहतं आणि साखर वाया जाते. सांगावा रक्तातूनच जायला हवा, धडधाकट. फाडलेला सांगावा कोण वाचणार? सुमीला सुई देताना मी रोज मनात म्हणते, पोच बाबा, नीट पोच.

आणि मग ती बातमी. विलायतेत कुणीतरी कित्येक वर्षं खपून इन्शुलिनच्या साखळीतले सगळे मणी क्रमानं मांडले, पहिल्यापासून शेवटापर्यंत. प्रथिनाचा असा आख्खा क्रम माणसाला प्रथमच कळला. तू ती बातमी सांगायला भर उन्हात आलास. घामानं सदरा अंगाला चिकटलेला, बिस्किटाचा पुडा खिशात चुरा झालेला, आणि पाणी पिण्याआधी बोलायला लागलास. "बैलाचं, डुकराचं, मेंढीचं, तिघांचं काढून बघितलं. दोन-तीन मण्यांचा काय त्यो फरक. बाकी समदं त्येच." मी म्हटलं, म्हणजे आमचा ढवळ्या आणि तू भाऊभाऊ झालात म्हणायचे. तू म्हणालास, माणसाचं अजून कुणी मोजलं नाही, पण त्याच्या सांगाव्यावर मी जगतो म्हणजे नातं आहेच. त्या साली बेंदराला बैलांची पूजा झाली, सगळे पाया पडून पुरणपोळीकडे वळले, आणि तू ढवळ्याच्या खुरांवर कपाळ टेकून तसाच राहिलास. आई म्हणाली, "मास्तर झाला तरी भाव हाय हो पोरात." कुणाला कळलं नाही. मला कळलं आणि मी पदराआड हसले. आता आठवलं की हसू येत नाही.

कारण तिथूनच आपलं भांडण आहे, आणि ते तू अर्धं टाकून गेलास. ते औषध बैलाच्या पोटातल्या ग्रंथीतून काढतात हे आईला सांग, असं मी तुला कितीदा म्हटलं. तू तिला काय सांगितलंस? "विलायती काढा हाय, आई. झाडपाल्याचा." माळ घातलेली बाई, तिला कशाला दुखवायचं, हा तुझा हेका. मी म्हणत होते, खरं सांग, चार दिवस रुसेल आणि येईल ताळ्यावर. तू म्हणालास, "तुला ती म्हाईत न्हाय. मला टोचू देईल, पर सवता अन्नाला शिवायची न्हाय. माझ्यापायी जीव मारला म्हणून." मी तिच्याच पोटची, तुझ्याआधीची, आणि मला ती माहीत नाही. दिवसभर पोरांना खरं सांगायचास आणि घरी येऊन काढा. मी चिडले आहे तुझ्यावर. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणोत.

काढा म्हटलं की तो उकळतात, दत्ता. हे तुझ्या ध्यानात कसं आलं नाही? जितका आटेल तितका गुण.

त्यात आपली आई. आपला थोरला भाऊ पटकीत गेला तेव्हा तू जन्मलाही नव्हतास, मी रांगत होते. डॉक्टर तेव्हा तिला म्हणाला होता की पाणी उकळून प्यायला हवं होतं. ते तिनं असं धरलं की बस्स. पाणी उकळायचं, दूध दोनदा उकळायचं, बाळंतिणीची फडकी उकळायची. वांग्याचे वाफे शिंपायचं पाणी तेवढं उकळत नव्हती, असं तूच म्हणायचास. "उकळी फुटली की भ्या गेलं," हे तिचं वाक्य. तू धडधाकट होतास तोवर तुझी सुई तूच उकळायचास आणि बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवायचास. ताप आल्यावर तुला उठवेना. मग तिनं हाती घेतलं, आणि तिला ठाऊक होतं त्यातलं सगळ्यात चांगलं तिनं तुझ्यासाठी केलं.

मी पोचले तेव्हा तुझा श्वास खोल खोल चालला होता, विहिरीतून ओढल्यासारखा, आणि तोंडाला पिकून उतरलेल्या फळांचा वास. बारामतीचे डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी आपल्याजवळची सुई दिली, पण वेळ निघून गेली होती. ते आईला पुन्हा पुन्हा विचारत होते, "इन्शुलिन चालू होतं ना? नक्की? मग असं व्हायला नको." आई म्हणत होती, "एक येळ चुकवली न्हाय, दादा. टोचून त्यो त्याचा घ्यायचा, बाकी समदं म्या केलं." खरंच होतं ते. औषध मुळातच दुधासारखं गढूळ, त्यामुळे बघून कुणाला काय कळणार? मलाही त्या वेळी काही कळलं नाही.

कळलं ते तेराव्याला. बायका अंगणात बसल्या होत्या, मी परात घासत होते. कुणीतरी म्हणालं, काळजी घेतली नसंल का पोराची. आईनं मान वर केली. "म्या काय कमी केलं गं? सुई, नळी, बाटली, समदं खळाखळा उकळून त्याच्या हातात देत हुते." बायकांनी माना हलवल्या आणि चुकचुकल्या. माझ्या हातातली परात सुटली. सगळ्यांना वाटलं मला रडू आलं. रडू नव्हतं आलं. मला गोठ्यातलं ते अंडं दिसत होतं. मी परात उचलली आणि घासलेलीच पुन्हा घासत राहिले.

तेव्हापासून मी आईच्या डोळ्याला डोळा देत नाही. आपणहून विषय निघेल आणि माझ्या तोंडावरून तिला कळेल, ही भीती. आणि आता ही दुसरी, पहिलीहून मोठी. सुमीचं वय ते काय, तुझ्यासारखे चार दिवसही तिचं अंग तग धरणार नाही. मी काय काय योजलं सांगू? बाटली ट्रंकेत कुलूप लावून ठेवावी. तर पत्र्याची ट्रंक उन्हानं तव्यासारखी तापते, म्हणजे आईनं उकळायची ती मीच उकळल्यासारखी. तुझ्या दाजींना विश्वासात घ्यावं, तर ते सुईचं नाव काढलं की उसात जाऊन बसतात. शेवटी ठरवलं की सांगायचं, ही नवी जात आहे, हिला आच चालत नाही, पहिली वेगळी होती. तुझ्यासारखंच खोटं. तुझ्या खोट्यानं काय झालं ते दिसत असताना मी दुसरं खोटं रचत बसले आहे. लिहिता लिहिता दुसरा दिवस उजाडला, यष्टीची वेळ होत आली. इथं थांबते.

मधे बरेच दिवस गेले. आता पुढचं लिहिते आहे.

आई आली, सुमीला पोटाशी धरून रडली, आणि पदर खोचून चुलीपाशी बसली. मी माझं रचलेलं सांगितलं. ती म्हणाली, "औषध त्ये औषध. न उकळता लेकराच्या अंगात घालायचं व्हय? कोन डाक्टर म्हनं ह्यो?" मी म्हटलं, तू बाटलीला हात लावू नको, माझं मी बघते. तिनं ओठ मुडपले. त्यानंतर मी घराबाहेर पडायला भ्यायचे. परसात गेले तरी कान चुलीकडे. पातेल्यात भांडं वाजलं की धावत आत. आई म्हणायची, "असं दचकाय काय झालंय तुला, पाटलीणबाई?" सुमी हसायची. मी पण हसायचे, खोटंच.

आणि मग कालव्याच्या पाण्याची आमची पाळी आली. पहाटे पाणी सुटलं, ऊस वाळायला लागलेला, घरात माणूस कमी. मला दाजींबरोबर दारं धरायला, सरीसरीत पाणी वळवायला, जावंच लागलं. सुमीच्या सुईच्या वेळेला परत येईन असा हिशोब होता. पण वरच्या बांधाला पाट फुटला, आणि तो बुजवता बुजवता सूर्य कासराभर वर आला. मी खोरं टाकलं आणि पळत सुटले. नेसूचं गुडघ्यापर्यंत चिखलात. दाजी मागून हाका मारत होते, त्यांना वाटलं साप निघाला.

दारातून बघितलं तर आई चुलीपुढं. पातेलं खळखळत होतं. तिच्या एका हातात पळी होती आणि पळीत बाटली. सुमी पाटावर बसून दंडावरची बाही वर करून तयार. येळ टळून चालली, पोर उपाशी, आई कुठं दिसत नाही, मग आजीनं काय करायचं? पळी पातेल्यावर गेली आणि मी झेप घेतली. बाटली हातात आली, बोटं वाफेनं पोळली. आई घाबरून मागं सरकली.

"येडी का खुळी तू?" ती म्हणाली. "पोळलीस न्हवं?"

मी रचलेलं सगळं विसरले. बाटली गालाला लावून बघितली, गार होती. तिथंच बसकण मारली आणि म्हटलं, "आई, शिजवलेलं बी उगवतं का?"

"काय?"

"वांग्याचं बी. उकळून वाफ्यात टाकलं तर उगवंल का?"

आयुष्यभर भाजीपाल्याचं बी राखेत घोळून जपून ठेवणारी बाई ती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग बाटलीकडे. "न्हाय," म्हणाली, अगदी हळू.

"तसंच हाय ह्ये. ह्यो काढा न्हाय. बैलाच्या पोटातलं हाय, जित्या अंगातलं. आच लागली की कामातनं जातं. दिसायला तसंच दिसतं, गुण राहत न्हाय."

तिचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. मी वाट बघत होते, आता ती काय म्हणते. बैल ऐकून उठून जाईल, पाटावरून पोरीला ओढून घेईल, काय वाट्टेल ते. चूल धुमसत होती, तिनं लाकूड मागं ओढलं.

"मग टोच की आधी," ती म्हणाली. "लेकराची येळ टळली."

तिनं सुमीला मांडीवर घेतलं आणि तिचं तोंड आपल्या छातीत दाबलं. मी टोचलं. आपलं भांडण मी जिंकले, दत्ता. चार दिवसही लागले नाहीत. तू खरं सांगितलं असतंस तर तिनं ते तुझ्यासाठीही असंच गिळलं असतं. हे जिंकून मी आता कुणाला दाखवू? सुमी जेवली, आजीच्या अंगावर पाय टाकून झोपली, आणि मग आई उठून भांड्यांना लागली. मला वाटलं, नसेल जोडलं तिनं. इतकं कुठं तिच्या लक्षात येणार? किती मूर्ख असतो आपण.

दुपारी ओसरीत आम्ही मेथी निवडत होतो. तिनं विचारलं, मान वर न करता.

"दत्ताची बी असलीच हुती न्हवं?"

मी जुडी सोडत राहिले. बूच वेगळं होतं, जात वेगळी होती, सगळं जिभेवर आलं. तिनं मान वर केली. तेराव्यापासून मी जी नजर चुकवत होते ती समोर होती.

"व्हय, आई."

ती रडली नाही. मला वाटलं होतं ती ऊर बडवेल, माळ तोडेल, चुलीत हात घालेल. तिनं निवडलेली मेथी एका बाजूला केली, देठं दुसऱ्या बाजूला. पुष्कळ वेळ तसं चाललं. मग थांबली. हातात एक काडी होती, ती तिनं मोडली नाही.

"त्याला कळलं हुतं का गं?"

मी घाईनं म्हटलं, "न्हाय. तापात हुता आई, त्याला काय कळतंय?"

तिनं मान हलवली आणि पुढची जुडी ओढून घेतली. त्यानंतर तिनं पुन्हा विचारलेलं नाही. आता सुमीची बाटली तीच सांभाळते. माठापाशी बसून फडकं सुकलं की पाणी मारते, आणि दाजी विडी पेटवायला चुलीकडे निघाले तरी त्यांना बाहेर पिटाळते. पोरगी भरते आहे, गालावर मांस आलं आहे. ह्या बाजूची भीती थोडी उतरली.

पण तुला कळलं नव्हतं असं मी तिला ठामपणे सांगितलं, ते मला कुठं ठाऊक आहे? इंदापूरचे डॉक्टर मला टोचायला शिकवत होते तेव्हा म्हणाले, सुई भरायच्या आधी बाटली दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची, गढूळ औषध सारखं व्हायला. तू तसंच करायचास, डोळे मिटून, देवासमोर हात जोडल्यासारखं. कधी चुकला नाहीस. त्या दिवसांतही तुझं तूच टोचून घेत होतास, म्हणजे फिरवली असशीलच. ती तुझ्या हाताला ऊन लागली असेल, दत्ता. अंडं दाखवून मला शिकवणारा तू. तुला एका क्षणात कळलं असेल. आणि समोर आई उभी असेल, पातेलं फडक्यानं धरून, तू कधी बरा होतोस ते बघत.

कळलं होतं का रे तुला? कळूनही, तिच्यादेखत, टोचून घेतलंस का?